जन्मावर ठरणारा तासाचा भाव

"ताई, परदेशातल्या मुलांना ऑनलाइन इंग्रजी शिकवायचं काम खरंच मिळतं का? करावं का?" हा प्रश्न गेल्या दोन-तीन वर्षांत मला अनेकांनी विचारला आहे. विचारणारे बहुतेक आपापल्या घरातले पहिले पदवीधर. कुणी एम.ए. होऊन नेट-सेटची तयारी करतो आहे. कुणी महाविद्यालयात तासिका तत्त्वावर राबते आहे. कुणी हैदराबाद, इंदूर, दिल्लीत खोली घेऊन भरतीच्या पुढच्या जाहिरातीची वाट बघतो आहे. घरून पैसे मागायचे वय उलटले आहे आणि घरी पाठवायला पैसे अजून हातात नाहीत. अशा वेळी मोबाइलवर जाहिरात दिसते : घरबसल्या शिकवा, डॉलरमध्ये कमवा.

माझे उत्तर 'करावे' असेच आहे. मी स्वतः तीन वर्षे हे काम करते आहे आणि त्या पैशांनी माझ्या घरातली काही देणी फिटली आहेत. पण या कामात आपल्या तासाचा भाव कशावर ठरतो, हे कळल्याशिवाय कुणी त्यात उतरू नये. तो भाव फक्त तुमच्या इंग्रजीवर ठरत नाही. तुम्ही कुठे जन्मलात, कोणत्या देशाचा पासपोर्ट तुमच्याकडे आहे, यावरही तो ठरतो. जन्मावरून माणसाच्या कामाची किंमत लावणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही.

आधी या कामाची चांगली बाजू सांगते, कारण ती खरी आहे.

पहिली सोय घड्याळाची. जपान आणि दक्षिण कोरिया आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहेत. तिथली मुले शाळा सुटल्यावर चार ते नऊ या वेळेत शिकायला बसतात, तेव्हा आपल्याकडे दुपारचे साडेबारा ते साडेपाच वाजलेले असतात. सौदी अरेबिया आपल्या अडीच तास मागे आहे. तिथली संध्याकाळ म्हणजे आपली रात्री साडेसहा ते साडेदहा. सकाळी अभ्यास किंवा नोकरी करून उरलेल्या वेळात हे काम बसवता येते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची मुले घेतली तर मात्र पहाटे साडेतीनला उठावे लागते. प्रकृती आणि दुसऱ्या दिवशीची नोकरी दोन्ही सांभाळायची असतील तर ते टाळलेले बरे.

दुसरी गोष्ट आडनावाची. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांचा अभ्यास 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी भारतातल्या खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. बदलले ते फक्त नाव. दलित आडनावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण हिंदू आडनावाच्या तुलनेत सुमारे दोन-तृतीयांशच भरली. ओसाकातल्या आठ वर्षांच्या मुलाला यातले काही माहीत नसते. तो मला 'टीचर' म्हणतो. माझे आडनाव त्याला उच्चारायला अवघड वाटते, एवढाच त्याचा आडनावाशी संबंध. शिक्षकांच्या खोलीत चहाच्या कपाबरोबर "तुम्ही मूळचे कुठले?" हा प्रश्न येण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना पंचवीस मिनिटांची ही मोकळीक किती मोठी वाटते ते मी सांगायला नको.

तिसरी गोष्ट इंग्रजीशी असलेल्या आपल्या नात्याची. सावित्रीबाई फुले यांनी १८५४ साली 'काव्यफुले' प्रसिद्ध केले. इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरणारी कविता त्या संग्रहात आहे. बाबासाहेबांनी 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' मराठीत चालवले आणि 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' १९३६ साली इंग्रजीत छापले. आपल्या माणसांशी आणि जगाशी कोणत्या भाषेत बोलायचे, याचा त्यांचा हिशेब स्पष्ट होता. उत्तर प्रदेशात लखीमपूर खिरी जिल्ह्यातल्या बांका गावी २०१० साली चंद्रभान प्रसाद यांच्या पुढाकाराने इंग्रजी देवीच्या मंदिराची पायाभरणी झाली. मंदिर बांधण्याच्या मार्गाबद्दल आपल्यात मतभेद असू शकतात. पण त्यामागची भूक कुणाला नाकारता येणार नाही. जी भाषा आपल्या आजोबांच्या कानावर फक्त साहेबाच्या तोंडून पडली, ती शिकवून आपण पैसे मिळवतो आहोत, ही लहान गोष्ट नव्हे. मला स्वतःला एबीसीडी पाचवीत भेटली.

आता दुसरी बाजू.

मुलांना ऑनलाइन इंग्रजी शिकवण्याचा मोठा बाजार चीनमधून उभा राहिला. २०१३ मध्ये सुरू झालेली व्हीआयपीकिड ही कंपनी अमेरिका आणि कॅनडातल्या शिक्षकांना कामावर घेत असे आणि तासाला १४ ते २२ डॉलर देऊ करत असे. फिफ्टीवन टॉक या दुसऱ्या चिनी कंपनीने मुख्यतः फिलिपिन्समधले शिक्षक घेतले. त्यांच्या हातात तासाला काही मोजके डॉलर पडत. मुले तशीच, पंचवीस मिनिटांचा वर्गही साधारण तसाच आणि पडद्यावर सरकणारी चित्रेही तशीच. फरक शिक्षकाच्या पासपोर्टचा.

फिलिपिन्समध्ये इंग्रजी काही काल-परवा आलेली नाही. अमेरिकेने ते बेट-राष्ट्र ताब्यात घेतल्यावर १९०१ मध्ये 'थॉमस' नावाच्या जहाजातून सुमारे ५०० अमेरिकी शिक्षक मनिलाला उतरवले. तेव्हापासून तिथल्या शाळांत इंग्रजी आहे आणि १९८७ च्या त्यांच्या संविधानात ती राजभाषाही आहे. सव्वाशे वर्षे ती भाषा शिकून, शिकवून, तिच्यात कोर्टकचेऱ्या चालवूनही तिथला शिक्षक 'नेटिव्ह' धरला जात नाही. भारतीय शिक्षक तर या रांगेत बऱ्याचदा त्याच्याही मागे उभा असतो. काही ठिकाणी अर्जातल्या देशांच्या यादीत भारताचे नावच सापडत नाही.

हे फक्त खासगी कंपन्यांचे खूळ नाही. दक्षिण कोरियात परकीय भाषा शिकवण्यासाठी ई-२ व्हिसा लागतो. इंग्रजीसाठी तो ज्या सात देशांच्या नागरिकांना मिळतो ते देश म्हणजे अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. २०१० पासून लागू झालेल्या भारत-कोरिया व्यापार करारामुळे पात्र भारतीयांसाठी एक दार किलकिले झाले, तेही सहायक शिक्षक म्हणून. ऑनलाइन कामात व्हिसाची गरज नसते. तरी सात देशांची हीच यादी कंपन्यांच्या जाहिरातींत पुन्हा पुन्हा दिसते.

भाषाशिक्षणाच्या अभ्यासकांनी या समजुतीवर कधीच बोट ठेवले आहे. रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ मध्ये 'लिंग्विस्टिक इम्पिरियालिझम' या पुस्तकात, ज्याची ती मातृभाषा तोच आदर्श शिक्षक, ही कल्पना म्हणजे निव्वळ भ्रम आहे असे मांडले. भाषा बोलता येणे आणि ती दुसऱ्याला शिकवता येणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. शिकवण्याचे कौशल्य प्रशिक्षणाने आणि सरावाने येते. ते जन्माने येत असते, तर घरी मराठी बोलणारा प्रत्येक जण मराठीचा उत्तम शिक्षक ठरला असता.

याला मी जातिव्यवस्था म्हणणार नाही. शब्द जपून वापरायला हवेत. पासपोर्टच्या या उतरंडीत अस्पृश्यता नाही, कुणाची विहीर वेगळी नाही, कुणाच्या लग्नावरून खून पडत नाहीत. पण पात्रता जन्माला चिकटवायची आणि मग तिला 'गुणवत्ता' हे नाव द्यायचे, ही युक्ती आपल्या ओळखीची आहे. शिक्षकाचा दर्जा त्याच्या वर्गात बसून बघण्याऐवजी त्याचा जन्म बघून ठरवला, की दर्जा तपासण्याचे कष्टच उरत नाहीत. आपल्याकडे हेच 'संस्कार' आणि 'मेरिट' या शब्दांआड शतकानुशतके चालत आले.

यातली एक गंमतही बघण्यासारखी आहे. २०११ च्या जनगणनेत इंग्रजी ही मातृभाषा सांगणारे भारतीय जेमतेम २ लाख ६० हजार होते. पहिली, दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून इंग्रजी येते असे सांगणारे मात्र सुमारे १३ कोटी. म्हणजे 'नेटिव्ह'च्या दारात जवळपास सगळाच भारत बाहेर उभा आहे, इंग्रजी माध्यमात तीन पिढ्या शिकलेले सवर्णसुद्धा. त्यांतला एखादा या दारातून परत येतो तेव्हा त्याला क्षणभरही शंका वाटत नाही. तो याला थेट वंशभेद म्हणतो आणि ते बरोबरच म्हणतो. जन्मावरून नाकारले जाणे हा अन्याय आहे, हे त्याला परदेशी कंपनीच्या एका ईमेलने कळते. गावच्या वेशीबाहेरच्या वस्तीकडे बघून ते का कळले नाही, एवढेच त्याला विचारायचे आहे.

आता देशातल्या देशात काय होते ते बघू. परदेशी कंपनीला जात कळत नाही हे खरे. पण अनेकदा भरती करणारा मध्यस्थ इथलाच असतो. निवड आणि प्रशिक्षण इथल्याच शहरात होते. तिथे 'कॉन्व्हेंट एज्युकेटेड हवे', 'एमटीआय चालणार नाही' अशा अटी येतात. एमटीआय म्हणजे बोलण्यावर मातृभाषेची छाप. ही छाप सगळ्यांच्याच बोलण्यावर असते. मात्र काहींच्या छापेला 'स्वच्छ' म्हणतात आणि काहींच्या छापेला 'गावठी'. जिल्हा परिषदेच्या किंवा आश्रमशाळेच्या वर्गातून आलेले इंग्रजी पहिल्या मिनिटाला ओळखले जाते. एका मुलाखतीत माझा वर्ग बघण्याआधीच माझ्या शाळेचे माध्यम विचारण्यात आले होते. आडनाव न विचारता आडनाव काढून घेण्याची ही पद्धत आहे.

मग येते ती अट खोलीची. शांत खोली, मागे कोरी भिंत, चांगला उजेड, न तुटणारे इंटरनेट आणि संगणक. अर्जात ही अट दोन ओळींत असते. त्या दोन ओळींत किती पिढ्यांची मालमत्ता गृहीत धरलेली असते, ते ज्याच्याकडे ती नाही त्यालाच कळते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या पाहणीत देशातल्या १०.७ टक्के कुटुंबांकडेच संगणक होता. ग्रामीण भागात हे प्रमाण ४.४ टक्के होते. सहा माणसांच्या दोन खोल्यांत, भिंतीला भिंत लागून असलेल्या वस्तीत, दुपारी दोन वाजता शांतता कुठून आणायची? शहरात खोली भाड्याने घ्यायला गेले की घरमालक आडनाव विचारतो. म्हणजे पडद्यावर जी जात दिसत नाही, ती पडद्यामागच्या भिंतीत बसलेली असते. माझ्या ओळखीतली एक मुलगी वसतिगृहातल्या मैत्रिणी जेवायला गेल्या की त्या चाळीस मिनिटांत एक वर्ग घेते आणि मग स्वतः उरलेले जेवते. तिचे रेटिंग पाचपैकी चार पूर्णांक नऊ आहे. ते आकडे बघणाऱ्या पालकाला तिच्या जेवणाबद्दल काही कळत नाही.

उच्चारांबद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण तिथेच आपली मुले सर्वात जास्त खचतात. मागच्या पिढीत कॉल सेंटरमध्ये काम करणाऱ्यांना अमेरिकी नावे घ्यायला लावत आणि 'न्यूट्रल' उच्चारांचे प्रशिक्षण देत. आता तर सनास नावाच्या कंपनीचे सॉफ्टवेअर बोलणाऱ्याचा उच्चार बोलता बोलताच बदलून ऐकणाऱ्यापर्यंत पोचवते. टेलिपरफॉर्मन्स ही जगातली मोठी कॉल सेंटर कंपनी आपल्या भारतीय कर्मचाऱ्यांसाठी ते वापरते, हे २०२५ मध्ये जाहीर झाले. तोंड आपले आणि आवाजाची ओळख दुसऱ्याची.

यात दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. स्पष्टपणा मिळवा, सोंग घेऊ नका. 'व्हेस्ट' आणि 'वेस्ट' यांतला फरक मुलाच्या कानाला कळायला हवा, कारण त्यातून अर्थ बदलतो. 'ट' आणि 'ड' म्हणताना आपली जीभ टाळूकडे वळते आणि इंग्रजी ऐकणाऱ्याला ते जड वाटते. थोड्या सरावाने ते जमते. तो सराव धंद्याचा भाग म्हणून करा. पण कधीही न पाहिलेल्या टेक्सासचा हेल काढून बोलण्याची गरज नाही. तो चार मिनिटे टिकतो, पाचव्या मिनिटाला सुटतो आणि मूल गोंधळते. आपल्या बोलण्यात आपले गाव ऐकू येते, याची लाज वाटून घेण्याचे कारण नाही. अर्थ पोचत नसेल तर मात्र काम करायला हवे.

आणि आपल्याकडे असे काही आहे जे त्या सात देशांतल्या शिक्षकाकडे सहसा नसते. आपण ही भाषा शिकलो आहोत. ती आपल्याला आयती मिळालेली नाही. जपानी आणि कोरियन भाषांत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. मराठीतही तसेच. आपण 'शाळेत', 'शाळेला', 'शाळेहून' म्हणताना शब्दाच्या मागे जे जोडतो, तसेच छोटे शब्द जपानीत नामामागे लागतात. इंग्रजीत ते पुढे उडी मारतात : 'इन', 'टू', 'फ्रॉम'. जपानीत 'अ' आणि 'द' ही उपपदे नाहीत, मराठीतही नाहीत. म्हणून जपानी मूल 'आय अ‍ॅपल ईट' म्हणते तेव्हा मला धक्का बसत नाही. त्याच्या डोक्यात वाक्य कुठल्या क्रमाने तयार होते आहे, ते मला माहीत असते. मी त्याला क्रियापद मधे ओढायला शिकवते, जसे मला कधीतरी कुणीतरी शिकवले होते. अमेरिकेत वाढलेला शिक्षक 'हे चूक आहे' एवढे सांगू शकतो. ते का चुकते हे त्याला मुद्दाम शिकावे लागते. मुलाखतीत ही गोष्ट ठणकावून सांगा. 'मी नेटिव्ह नाही, पण प्रयत्न करते' असे दबून म्हणू नका. 'मी ही भाषा शिकून आले आहे, त्यामुळे शिकणाऱ्याची अडचण मला कळते' असे म्हणा.

आता पैशांचा हिशेब, कारण जाहिरातीतला डॉलर आणि हातात पडणारा रुपया यांत मोठे अंतर आहे. माझ्या वहीतला एक साधारण महिना सांगते. ९६ वर्ग, प्रत्येकी २५ मिनिटांचे, म्हणजे ४० तास. वर्गाला अडीच डॉलर, म्हणजे जाहिरातीच्या भाषेत तासाला ६ डॉलर. एका डॉलरला ८५ रुपये धरले तर तासाला ५१० रुपये. ऐकायला छान वाटते. महिन्याचे झाले २४० डॉलर. पैसे काढण्याचे शुल्क आणि चलन बदलताना होणारी तूट मिळून १० डॉलर गेले. उरले २३० डॉलर, म्हणजे १९,५५० रुपये. इंटरनेट आणि इन्व्हर्टरच्या हप्त्याचे १,५५० वजा जाता १८,००० रुपये. आता वेळ मोजा. ४० तास वर्गाचे. प्रत्येक वर्गामागे तयारी आणि पालकांना पाठवायचा अहवाल मिळून १० मिनिटे, म्हणजे १६ तास. वेळ राखून ठेवली पण मूल आलेच नाही किंवा कुणी वर्ग घेतलाच नाही, असे १४ तास. एकूण ७० तास. १८,००० भागिले ७०, म्हणजे तासाला सुमारे २५७ रुपये. जाहिरातीतल्या भावाच्या निम्मे.

२५७ रुपयेही वाईट नाहीत. अनेक जणांना त्यांच्या दिवसाच्या नोकरीत तेवढे मिळत नाहीत, म्हणून तर हे काम करावे असे मी म्हणते. पण ५१० समजून कर्ज काढू नका आणि ५१० समजून अभ्यासाचे तास विकू नका. पहिल्या दिवसापासून वही ठेवा. काम देण्यासाठी कुणी 'नोंदणी शुल्क' किंवा 'अनामत' मागितली तर तिथूनच परत फिरा. शिकवण्याचे प्रमाणपत्र घ्यायचे असेल तर १२० तासांचा साधा टेफल अभ्यासक्रम सुरुवातीला पुरतो. महागडे प्रमाणपत्र कर्ज काढून घेऊ नका. बँकेत परदेशातून आलेल्या प्रत्येक रकमेचा कागद जपून ठेवा आणि हे उत्पन्न आयकर विवरणपत्रात दाखवा. उद्या नोकरीत किंवा कर्जाच्या अर्जात कुणी बोट दाखवायला जागा ठेवू नका. आपल्या माणसांकडे बोट जरा लवकर दाखवले जाते.

जे आधीच सरकारी किंवा अनुदानित शाळेत शिक्षक आहेत त्यांच्यासाठी एक इशारा. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २८ नुसार शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही. मूल परदेशातले आहे, वर्ग ऑनलाइन आहे, म्हणून सूट मिळेल असे गृहीत धरू नका. इतर सरकारी कर्मचाऱ्यांनाही सेवा वर्तणूक नियमांप्रमाणे जोडधंद्यासाठी परवानगी लागते. आरक्षणाने मिळालेली पक्की नोकरी महिन्याच्या काही हजारांसाठी चौकशीच्या फेऱ्यात अडकवू नये.

या कामात पाय रोवून उभे राहता येत नाही, हेही ध्यानात ठेवायला हवे. जुलै २०२१ मध्ये चीन सरकारने शालेय शिकवण्यांवर कडक निर्बंध आणले आणि परदेशात बसलेल्या शिक्षकांकडून मुलांना शिकवून घेण्यावर बंदी घातली. पुढच्या महिन्यात व्हीआयपीकिडने अशा वर्गांची नवी विक्री थांबवली. हजारो शिक्षकांचे काम गेले, त्यांत ते 'नेटिव्ह'ही होते. करारात ते कर्मचारी नव्हतेच. ते 'स्वतंत्र कंत्राटदार' होते. आपणही तसेच आहोत. भविष्य निर्वाह निधी नाही, आजारपणाची रजा नाही, बाळंतपणाची रजा नाही. दोन वर्ग चुकले की रेटिंग घसरते आणि पुढच्या आठवड्यात काम कमी येते. त्यात आता मुलांशी इंग्रजीत गप्पा मारणारी यंत्रेही आली आहेत. म्हणून हे काम जोडउत्पन्न म्हणूनच धरा. परीक्षा, संशोधन, पक्की नोकरी यांचा रस्ता त्यासाठी सोडू नका.

आपल्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत 'प्लॅटफॉर्म कामगार' ही संज्ञा आली आहे. राजस्थानने २०२३ मध्ये अशा कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. पण या सगळ्या चर्चेत डोळ्यांसमोर असतो तो जेवणाचा डबा पोचवणारा आणि टॅक्सी चालवणारा. त्यांचा हक्क पहिला, यात वाद नाही. परंतु हेडफोन लावून घरात बसलेली शिक्षिकाही त्याच रांगेत आहे, आणि तिची कंपनी तर दुसऱ्या देशात आहे. परदेशी कंपनीकडून वर्गणी कशी वसूल करायची, भरती करणाऱ्या देशी मध्यस्थावर जबाबदारी कशी टाकायची, हा प्रश्न कामगार संघटनांनी आणि आपल्या चळवळीनेही हातात घ्यायला हवा. पदवीधर म्हटले की तो कामगार नाही, हा गैरसमज आपल्यातही आहे. तो सोडायला हवा.

सरकारकडे मागण्यासारखी एक साधी गोष्टही आहे : खोली. देशभर समाजकल्याण खात्याची वसतिगृहे आहेत. अनुसूचित जाती-जमातींसाठी केंद्रीय श्रम मंत्रालयाची राष्ट्रीय करिअर सेवा केंद्रे आहेत. महाराष्ट्रात बार्टीसारखी संस्था आहे. या ठिकाणी आवाज बाहेर जाणार नाही अशा चार छोट्या खोल्या, चार संगणक आणि भरवशाचे इंटरनेट एवढे जरी दिले, तरी ज्यांच्या घरात शांतता नाही त्यांना काम करता येईल. स्पर्धा परीक्षेच्या मोफत शिकवण्यांवर खर्च होतोच आहे. परीक्षा होईपर्यंत जगायचे कसे, या प्रश्नावरही थोडा खर्च व्हावा.

शेवटी आपल्याआपल्यात करायची गोष्ट. पहिल्या पिढीच्या पदवीधराला पगार सुरू व्हायच्या आधीच समाजाच्या ऋणाची आठवण करून दिली जाते. परदेशी मुलांना शिकवता, मग आपल्या वस्तीतल्या मुलांना कोण शिकवणार, असे विचारणारे भेटतात. ज्यांची घरे तीन पिढ्या बंगळुरू आणि न्यू जर्सीत स्थिरावली त्यांना हा प्रश्न कुणी विचारत नाही. घरातल्या आजाऱ्याचे औषध, धाकट्याची फी आणि स्वतःचे भाडे यांसाठी दोन तास विकणाऱ्या मुलीने अपराधी वाटून घेऊ नये. वस्तीतल्या मुलांना चांगला इंग्रजी शिक्षक देणे हे सरकारचे काम आहे आणि ते त्याच्याकडूनच करून घ्यायचे आहे.

मात्र आपण जे शिकलो ते पुढच्याला सांगायला पैसे लागत नाहीत. कोणत्या कामात तासाला खरोखर किती पडले, कोणत्या मुलाखतीत काय विचारले, कोणत्या करारात कोणती ओळ घातक होती, हे आपल्याकडे कुणी लिहून ठेवत नाही. प्रस्थापित घरांत ही माहिती जेवणाच्या ताटावर मिळते. काका सांगतो, मामेभाऊ सांगतो. आपल्याकडे प्रत्येक जण पहिलाच असतो आणि प्रत्येक जण तीच ठेच पुन्हा खातो. तेव्हा आपापल्या वसतिगृहात, खोलीत, मित्रमंडळात हिशेबाच्या वह्या एकमेकांना दाखवा. मुलाखतीला बसणाऱ्या धाकट्याचा सराव मोठ्याने घ्यावा. दर कमी वाटला तर चौघांनी मिळून नाही म्हणावे, कारण एकट्याच्या नकाराने कंपनीचे काही बिघडत नाही. आपला भाव दुसऱ्याने आपल्या जन्मावरून ठरवला आहे. तो बदलायला वेळ लागेल. पण तो नेमका किती आहे, हे तरी आजपासून आपल्या सगळ्यांना माहीत असायला हवे.